फ्लेक्सनं एकही पोरगी आली नाही

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अनुभवकथनाच्या सत्रात केलेलं हे भाषण. बोलणाऱ्या ताई कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मुलींना कराटे आणि लाठीकाठी शिकवतात. सभेला न आलेल्या सदस्यांसाठी त्यांचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देत आहोत.)



मला सांगितलंय की तुझा वर्ग कसा वाढला ते सांग. मी आधी तो कसा बुडत होता ते सांगते. वाढला कसा ते त्यातूनच कळेल.

लग्नाआधी मी कराटे शिकले, ब्लॅक बेल्टपर्यंत. लग्न झालं, दोन लेकरं झाली, आणि अकरा वर्षं तो पांढरा ड्रेस ट्रंकेच्या तळाशी पडून राहिला. थोरलीला तिसरीत घातलं तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, ‘ट्रंकेत ठेवून काय करतीस? पोरींना शिकव की.’ म्हणून जून 2024 मध्ये गटाकडून 30,000 रुपये कर्ज घेतलं, शेकडा दोन रुपयांनी, वीस हप्ते. त्यातून खाली अंथरायच्या मॅट घेतल्या, लाठ्या घेतल्या, समाजमंदिरात दोन दिवे लावून घेतले. पहिला हप्ता व्याजासकट 2,100 रुपये होता. फी ठेवली महिन्याला 300.

सुरुवातीला नऊ पोरी आल्या. त्यातल्या पाच माझ्याच भावकीतल्या. दिवाळीपर्यंत सहा राहिल्या. मग मला वाटलं, जाहिरात कमी पडतीय. दोन मोठे फ्लेक्स केले, एक एस.टी. स्टँडवर, एक दूध डेअरीजवळ. हजार पत्रकं छापून पेपरात घालून वाटली. सगळे मिळून साडेतीन हजार गेले. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमची मुलगी सुरक्षित आहे का?’ खाली तोंड झाकून रडणाऱ्या मुलीचं चित्र. फ्लेक्सवाल्यानंच सुचवलं होतं, आणि मलाही ते भारी वाटलं.

पंधरा दिवसांत एक फोन आला. तो पण जिम आहे का विचारणारा. आणि होत्या त्या सहांतल्या दोन पोरी बंद झाल्या. मी एकीच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, ‘बाई, तुमचा बोर्ड वाचला आणि हिच्या बापानं संध्याकाळी हिला बाहेर सोडायचंच बंद केलं.’

मैत्रिणींनो, ते ऐकून मी रस्त्यातच थांबले. पोरींनी बाहेर पडावं म्हणून वर्ग काढलेला, आणि माझ्याच बोर्डानं त्यांना घरात बसवलं. भीती दाखवली की आईबाप पोरगीला क्लासला घालत नाहीत, कडी लावतात. त्याच रात्री मालकांना घेऊन गेले आणि दोन्ही फ्लेक्स उतरवले. आता ते गोठ्यावर टाकलेत, पावसाचं पाणी गळत नाही. साडेतीन हजारांचा तेवढा उपयोग झाला.

डिसेंबरात चार पोरी होत्या. म्हणजे 1,200 रुपये. हप्ता दोन हजाराच्या घरात. आधीचे महिने दुधाच्या बिलातून भरलं होतं, त्या महिन्यात म्हैस आटलेली. हप्ता चुकला. गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसले होते. वाटलं, आता बोलणी खायची. आमच्या सचिव मावशी म्हणाल्या, ‘हप्त्याचं बघू. पण आम्ही कर्ज दिलं, आणि तू नेमकं काय शिकवतीस ते आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नाही. आधी आम्हाला दाखव.’

तिथंच बैठक संपल्यावर पदर खोचून तेरा बायका उभ्या राहिल्या. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं हात कसा सोडवायचा, पोटातून कसं ओरडायचं, पाय कसे रोवून उभं राहायचं, एवढंच शिकवलं. हसून हसून सगळ्यांची वाट लागली. ओरडायला तर एकीलाही जमेना. एक काकू म्हणाल्या, ‘अगं, आयुष्यात कधी ओरडलोच न्हाई, आता कुठनं आवाज येणार?’ सगळ्यात जास्त हसणाऱ्या त्याच काकूंनी दुसऱ्या दिवशी दोन नाती आणून सोडल्या. पैसे न घालता केलेली माझी ती पहिली जाहिरात.

तिथून मला एक गोष्ट कळली. वर्गात पोरगी येते, पण तिला पाठवायचं ठरवते आई. आईनं डोळ्यांनी बघितलेलं नसेल तर ती पाठवणार नाही, आणि तिनं पाठवू नये हेच बरोबर आहे. म्हणून मग मी काय काय केलं ते सांगते.

आधी घरोघरी गेले, पण ‘पोरगीला पाठवा’ म्हणायला नाही. ‘का पाठवत नाही’ हे विचारायला. अकरा घरं झाली. वही घेऊन गेले होते, प्रत्येकीचं उत्तर लिहून घेतलं. वर्ग सहा ते साडेसात, थंडीत अंधार पडतो. त्याच वेळेला भाकरीचं पीठ मळायला पोरगी लागते. फी महिन्याच्या एक तारखेला मागता, आमचं दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. ड्रेसला सातशे रुपये, आणि पोरगीनं चार दिवसांत सोडलं तर? हात-पाय मोडला तर? समाजमंदिराबाहेर कट्ट्यावर पोरं बसलेली असतात. यातलं एकही कारण ‘आम्हाला कराटे नको’ असं नव्हतं.

मग एकेक बदललं. शाळा पाचला सुटते, वर्ग सव्वापाच ते सव्वासहा केला, म्हणजे दप्तरासकट थेट वर्गाला. घरी जाताना एका गल्लीतल्या पोरी घोळक्यानं जातात, आणि मोठी पोरगी सगळ्यांना दारापर्यंत सोडते. फी दुधाचं बिल आल्यावर दिली तरी चालते, ऊसवाल्यांनी बिल आल्यावर तीन महिन्यांची एकदम दिली तरी चालते. दुसऱ्या बहिणीला अर्धी. पहिले तीन महिने शाळेच्या खेळाच्या कपड्यांवर यायचं, ड्रेस नंतर. आणि समाजमंदिराचं दार वर्ग चालू असताना उघडं. कुठल्याही आईनं कधीही येऊन बसावं, विचारायची गरज नाही. बायका येऊन बसायला लागल्या तशी कट्ट्यावरची पोरं आपोआप उठली.

दुसरं म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवात पाच मिनिटं मागितली. तिथं कुणाला पुढं करायचं? माझी सगळ्यात तयार पोरगी लाठी अशी फिरवते की बघत राहावं. पण तिला बघून बायका म्हणतात, ‘तिचं काय बाई, ती आहेच तशी.’ म्हणून सगळ्यात लाजरी होती तिला पुढं केलं. जी वर्गात दोन महिने माझ्यामागं लपायची. तिनं थरथरत सुरुवात केली आणि शेवटी जी आरोळी ठोकली, वाणाचं ताट हातात घेतलेल्या बायका दचकल्या. प्रत्येकीच्या मनात एकच आलं, हिला जमतं तर माझीला का नाही? त्या एका संध्याकाळीनं चार पोरी आल्या. पुढं 19 फेब्रुवारीला शिवजयंतीला चौकात लाठीकाठी केली. आपल्या कोल्हापुरात मर्दानी खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लाठी, दांडपट्टा, फरीगदका सगळ्यांनी मिरवणुकीत बघितलेलं असतं. फक्त हातात पोरी बघायची सवय कमी.

तिसरं, शाळा. मुख्याध्यापकांकडं एकटी गेले तेव्हा ‘बघू’ म्हणाले. मग शाळा व्यवस्थापन समितीतल्या बायकांना घेऊन गेले. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे त्या आपल्यातल्याच बायका आहेत, फक्त सहीपुरत्या राहू नका. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळेतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. तुमच्या शाळेत ते होतं का, शिकवतं कोण, एवढं जाऊन विचारा. आमच्या शाळेनं मला मैदानावर दोन शनिवार दिले. त्यातून सहा पोरी वर्गाला आल्या.

आता महत्त्वाचं. काय सांगायचं नाही, ते. सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट म्हणून कुणी पत्रक वाटत असेल तर समजा तो पट्टा विकतोय. मला चार वर्षं लागली. बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी असते, ती मी पहिल्याच दिवशी सांगते, मागाहून नाही. ‘कराटे केलं की ऑलिंपिक’ असंही मी म्हणत नाही. कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये होतं, पॅरिसला 2024 मध्ये नव्हतं. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांत कराटे आहे, 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण त्याला नियम आहेत, आणि कुठल्याही स्पर्धेचं सर्टिफिकेट चालत नाही. ते शाळेत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या, असं मी आईबापांना स्पष्ट सांगते. खरं सांगितल्यानं दोन जण गेले असतील. पण आलेले टिकले.

आणि पोरीला काही होणारच नाही, अशी हमी मी देत नाही. कुणीच देऊ शकत नाही. मी पोरींना शिकवते की पळता आलं तर आधी पळा, ओरडा, घरी येऊन सांगा. 1098 आणि 112 हे नंबर पाठ करून घेते. आणि काही झालंच, तर तू जोरात मारलं नाहीस म्हणून झालं, असं कुणी म्हणू नये. चूक करणाऱ्याची असते. हे आईलाही सांगते, बापालाही.

फोनचं थोडं. व्हॉट्सअॅपवर फक्त आयांचा ग्रुप आहे. आठवड्यातून एक मेसेज. पोरींचे फोटो मी स्टेटसला लावत नाही. जाहिरात होते हे खरं, पण पोरगी दुसऱ्याची आहे. आईनं विचारलं तर तिच्या पोरीचा फोटो तिलाच पाठवते.

आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. नवीन पोरगी आणायला आपण धावतो, आणि आतली कधी गेली ते कळत नाही. माझ्या वहीत दिसलं की पोरी सोडतात त्या सहावी-सातवीत. एक फार गुणी पोरगी होती, अचानक यायची बंद झाली. घरी गेले तर ‘अभ्यास आहे’. दुसऱ्यांदा गेले, तिला एकटीला परड्यात घेऊन बसले. तेव्हा म्हणाली, ‘बाई, ड्रेस पांढरा आहे.’

एवढंच कारण. पाळी सुरू झालेली, आणि पांढऱ्या ड्रेसवर डाग पडला तर, ही भीती. मी स्वतः त्या वयातून गेलेय, तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, परीक्षेचा दिवस सोडून खाली काळी पँट. समाजमंदिराच्या बाथरूमला कडी बसवली, पॅड ठेवले. त्या दिवसांत जमेल तेवढं करायचं, नाही तर बसून लहानांना मोजून द्यायचं. ती पोरगी परत आली. आता आठवीत आहे आणि बारक्यांना तीच शिकवते.

केरळात वडकऱ्याला मीनाक्षी अम्मा आहेत. कळरीपयट्टू शिकवतात, 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सातव्या वर्षी शिकायला लागल्या. तिथंही पोरी वयात आल्या की खेळ सोडायच्या, पण त्यांच्या वडिलांनी त्यांचा थांबवला नाही. त्यांच्याकडं ठरलेली फी नाही, विद्यार्थी देतील ती गुरुदक्षिणा. मला ते परवडत नाही, मला हप्ता आहे! पण एका बापानं त्या वयात खेळ थांबवला नाही म्हणून पुढं किती पोरापोरींना गुरू मिळाली, हे मी प्रत्येक सातवीतल्या पोरीच्या घरी सांगते.

आज वर्गात 28 पोरी आहेत. कोण कुठून आलं ते लिहून ठेवलंय. 18 जणी दुसऱ्या पोरीच्या किंवा आईच्या सांगण्यावरून. सहा शाळेतून. चार हळदीकुंकवातून. फ्लेक्समधून एकही नाही. खर्च जाऊन हातात साधारण सात हजार राहतात. चुकलेला हप्ता भरला, अजून पाच राहिलेत.

तुमचा धंदा मसाल्याचा असेल, शिवणाचा असेल. एवढंच करून बघा. गिऱ्हाईक का येत नाही ते त्याच्या दारात जाऊन विचारा, आणि वहीत लिहा. उत्तर ऐकायला जड जातं, पण फुकट मिळतं.

आणि आमच्या गावाकडं आलात तर सव्वापाचला समाजमंदिरात या. दार उघडं असतं. लेकी-सुनांना घेऊन या, स्वतःही पदर खोचून उभ्या राहा. ओरडायला आम्ही शिकवू.

जय जिजाऊ, जय सावित्री.