उत्तेजक द्रव्यांचे व्यसन आणि सीमाभागातील उपचारव्यवस्था

अमली पदार्थांचा प्रश्न महानगरांचा आहे आणि तालुक्याच्या गावाने फार तर दारू-गुटख्याची काळजी करावी, ही समजूत चंदगडपुरती तरी नोव्हेंबर २०२१ पासून टिकण्याजोगी राहिलेली नाही. त्या महिन्यात मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने मुंबईत सापडलेल्या एमडीचा माग काढत थेट ढोलगरवाडी गाठली आणि तेथील एका फार्महाऊसवर चालणारा एमडी बनविण्याचा कारखाना उघडकीस आणला. सर्पशाळेमुळे आणि नागपंचमीच्या सर्पप्रबोधनामुळे ज्या गावाचे नाव दूरदूर आदराने घेतले जाते, त्या गावावर या प्रसिद्धीने अन्यायच केला. कारण असे कारखाने उभारणारे लोक एकांत, पाणी, वीज आणि पळवाटा पाहून जागा निवडतात, आणि तिलारी घाटातून गोव्याकडे, शिनोळीवरून बेळगावकडे, गडहिंग्लजवरून कोल्हापूरकडे रस्ते फुटणाऱ्या या तालुक्यात त्यांना हे सारे एकत्र मिळते. गोवा बनावटीच्या दारूची चोरटी वाहतूक याच भूगोलाच्या आधारावर वर्षानुवर्षे चालत आली आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पूर्व आफ्रिकेत चघळल्या जाणाऱ्या खात या वनस्पतीत कॅथिनोन नावाचे उत्तेजक असते. त्याच्याशी रचनेने नाते सांगणारे, परंतु संपूर्णपणे रसायनांपासून तयार होणारे हे द्रव्य होय. कोकेन मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत वाढणाऱ्या कोका वनस्पतीच्या पानांतून काढतात. उगम असे वेगळे असले, तरी मेंदूतील परिणाम सारख्याच वाटेने जातो : सुखाची व प्रेरणेची जाणीव वाहून नेणारे डोपामिन हे रसायन पेशींनी पुन्हा शोषून घेऊ नये अशी अडवणूक कोकेन करते, तर मेफेड्रोन त्याचा साठाच बाहेर ओतायला लावते. कोकेन समुद्रापलीकडून येते म्हणून महाग असते. त्याची हौस पण ऐपत नसलेल्या तरुणांपर्यंत एमडी पोहोचली, आणि फेब्रुवारी २०१५ पर्यंत अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत तिचे नावच नसल्यामुळे तिला मोकळे रान मिळाले.

कोकेनदेखील या देशाला सर्वस्वी अपरिचित नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई, कलकत्ता, दिल्ली या शहरांत ते विड्याच्या पानातून खाल्ले जात असे, आणि त्या काळच्या सरकारनेही प्रामुख्याने छापे व शिक्षा याच मार्गाने त्याचा बंदोबस्त करू पाहिला. आज जगाच्या पातळीवर तेच द्रव्य पुन्हा वाढत्या भरतीवर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या जागतिक अहवालानुसार २०२३ मध्ये कोकेनचे उत्पादन ३,७०८ टनांवर गेले आणि ते वापरणाऱ्यांची संख्या दहा वर्षांत १ कोटी ७० लाखांवरून २ कोटी ५० लाखांवर पोहोचली.

भारतापुरते पाहिले, तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोकेन वापरणाऱ्यांचे प्रमाण ०.१० टक्के, तर एमडीसारखी उत्तेजके ज्या गटात मोडतात त्या गटाचे प्रमाण ०.१८ टक्के आढळले. हे आकडे लहान म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. परंतु त्याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष झोप उडविणारा आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० व्यक्तींपैकी एकीलाच, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कधीकाळी काही उपचार मिळाले होते. म्हणजे नव्या व्यसनाचे रुग्ण ज्या व्यवस्थेच्या दारात उभे राहणार, ती जुन्याच रुग्णांना पुरी पडत नाही. जप्त मालाचे किलो आणि कोटी प्रत्येक कारवाईनंतर जाहीर होतात. त्या मालाच्या आहारी गेलेल्यांपैकी किती जण उपचारांपर्यंत पोहोचले, हा आकडा मात्र कोणी विचारत नाही, आणि या परिषदेला सर्वाधिक अस्वस्थ करावी अशी गोष्ट हीच आहे.

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीची परंपरा मोठी आहे. गर्दने, म्हणजे अफूवर्गीय ब्राऊन शुगरने, मुंबई-पुण्यातील घरे पोखरली, तेव्हा डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, आणि व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हा विचार मराठी घरांत रुजविला. त्या विचाराचे ऋण मान्य करूनच एक शास्त्रीय फरक स्पष्ट केला पाहिजे. गर्द सोडताना होणारा शारीरिक त्रास औषधांनी आटोक्यात आणता येतो आणि अफूवर्गीय व्यसनांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी दीर्घकाळ देता येणारी गोळी उपलब्ध आहे. कोकेन किंवा एमडीच्या व्यसनासाठी मान्यताप्राप्त असे एकही औषध आजवर जगात नाही. ही द्रव्ये सुटली की शरीर फारसे तक्रार करीत नाही, त्यामुळे घरच्यांना मुलगा बरा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याच दिवसांत गाढ खिन्नता, अनावर झोप, संशयीपणा आणि क्वचित आत्महत्येचे विचार येतात. यावरचा उपचार म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाचे तासन् तास आणि महिनोन् महिने चालणारा पाठपुरावा. तो गोळ्यांच्या पाकिटासारखा बांधून घरी देता येत नाही.

नेमके येथेच चंदगडचे अंतर आड येते. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय येथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था तितकीच दूर, शिवाय दुसऱ्या राज्यात. दर आठवड्याला येण्याचा सल्ला मिळालेल्या रुग्णासोबत आईबापांनी दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे दोन माणसांचे भाडे भरून किती आठवडे जावे? तो उपचार सोडतो तेव्हा त्याच्या इच्छाशक्तीला बोल लावला जातो, आणि हा दोषारोप अन्यायकारक आहे. पोटासाठी मुंबई, पुणे व गोव्याला गेलेली मुले तेथे लागलेले व्यसन घेऊन गावी परततात, तेव्हा तर ती कोणत्याच यंत्रणेच्या नोंदीत नसतात.

कायदा या रुग्णांना वाटतो तितका प्रतिकूल नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन तो पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही केलेला आहे. परंतु जेथे उपचाराची जागाच हाताशी नाही, तेथे ही कलमे कागदावर राहतात आणि बदनामीच्या व पोलिसांच्या भीतीने कुटुंब गप्प बसते.

म्हणून चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा निदान गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात व्यसनोपचारासाठी काही खाटा, ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ आणि पूर्णवेळ, कायम नेमणुकीचा समुपदेशक मिळावा, अशी मागणी या परिषदेने शासनाकडे करावी. कंत्राटी समुपदेशक वर्षभरात बदलला, की रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि पुष्कळ जण ती दुसऱ्यांदा सांगत नाहीत. आशा कार्यकर्त्यांना उत्तेजकांची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देणे आणि १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, ही कामे त्या मंजुरीसाठी थांबण्याची गरज नाही; ती या तालुक्यातील उपस्थितांना येत्या महिन्यातच हाती घेता येतील.