नदीचे वाचन
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कृत्रिम माशीच्या गळाने मासेमारी करणारा जाणकार प्रथम गळ टाकत नाही. तो प्रवाहातील एखादा दगड उचलून पाहतो. त्या दगडाच्या खालच्या अंगास अल्पायुषी माश्यांची पिल्ले चिकटलेली असतात, काही अळ्यांनी वाळूचे कण जोडून आपली घरे बांधलेली असतात, तर कोठे चतुराचे पिल्लू भक्ष्याची वाट पाहत दडलेले असते. कोणता कीटक केव्हा पाण्यावर येतो हे ओळखून तो पिसे व दोरा यांची तशीच माशी गळावर बांधतो. यांतील अनेक कीटक प्राणवायूने समृद्ध अशा स्वच्छ पाण्यातच तगतात. म्हणून त्यांचे अस्तित्व ही नदीच्या आरोग्याची साक्ष ठरते.

या छंदापायी ब्रिटिश अमदानीत निलगिरीच्या थंड ओढ्यांत परदेशी ट्राउट सोडण्यात आले. कावेरीचे वैभव मात्र तिच्या स्वतःच्या महाशीरात होते. उंच पाठीचा व नारिंगी परांचा हा मासा केवळ कावेरीच्या खोऱ्यातला. १९४६ साली म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत धरलेला महाशीर १२० पौंडांचा होता.

महाराष्ट्राचा महाशीर निराळा, निळसर परांचा. पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. पुढे त्याची संख्या घटू लागली, तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास करण्यात आली. तेथील पिल्ले अनेक नद्यांत गेली, तशी कावेरीतही सोडण्यात आली. हेतू निर्मळ होता. परंतु गलिबोरे येथील मासेमारी तळावरच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासल्या असता दिसले, की लोणावळ्याचा पाहुणा वाढत गेला आणि घरधनी जवळजवळ दिसेनासा झाला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांचे घाव त्याच्यावर होतेच. त्यांत या स्पर्धकाची भर पडली.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. गळ टाकणाऱ्यांना शतकाहून अधिक काळ परिचित असलेल्या या माशाचे शास्त्रीय नाव, ‘टोर रेमादेवी’, २०१८ साली निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. नदीत कोण राहते हे नीट जाणण्यापूर्वीच तिच्यात भर घातली गेली होती.

बेंगळुरूच्या घराघरांत कावेरीचे पाणी येते. तेथील मुलांना ती नदी नळापलीकडेही ठाऊक असावी. सहलीत पालकांनी पाल्यासह काठावर बसावे, उथळ पाण्यातला एक दगड उचलावा, त्याखालचे जीव मोजावेत, वहीत नोंदवावेत आणि तो दगड होता तसाच परत ठेवावा. नदीचे भले करण्याची पात्रता अशाच वाचनातून येते.