तंजावर ते मीमिसल : सात दिवसांची वाट



येत्या जानेवारीत आपण सात दिवस चालणार आहोत. काशीहून रामेश्वरास जाणारी यात्रेकरूंची जी प्राचीन वाट आहे, तिचा तंजावरपासून मीमिसलपर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरांचा तुकडा आपण निवडला आहे. तुकडाच का, संपूर्ण वाट का नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. संपूर्ण वाटेला महिनोन्‌महिने लागतात आणि आपणा बहुतेकांना नोकरीतून आठ दिवसांपेक्षा अधिक रजा मिळत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे. अमेरिकेतील अपालाचियन पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. तीसुद्धा अनेक लोक वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी चालतात. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेत शेवटचे शंभर किलोमीटर पायी चाललेल्यालाही प्रमाणपत्र देतात. आपल्याला प्रमाणपत्र कोणी देणार नाही. त्यामुळे आपण मोकळे आहोत.

आपल्यापैकी काहींनी आळंदीहून पंढरपूरची वारी केली आहे. त्यांना मी प्रारंभीच सावध करू इच्छिते. वारीत मुक्काम ठरलेले असतात, दिंडीचा स्वयंपाक ट्रकमधून पुढे गेलेला असतो, आणि वारकऱ्याने केवळ चालायचे असते. तिथली योजना कित्येक पिढ्यांनी करून ठेवलेली आहे. सेतूच्या या वाटेवरही एके काळी तशी योजना होती, आणि ती आपल्याच भाषेच्या राजांनी केली होती, हे या गावात राहणाऱ्यांस सांगावयास नको. ओरत्तनाडु येथील छत्र सरफोजी महाराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ १८०२ साली बांधले. पुढे समुद्रकाठी सेतुबावाछत्रम् या गावाच्या नावात मराठी ‘बावा’ अजून ऐकू येतो. त्याच्याही पुढे मणमेलकुडी आणि मीमिसल येथे छत्रे होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर, निदान ही छत्रे तरी आपल्याकडे राहू द्यावीत, असे सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना कळविले. त्या पत्रात छत्रांचे काम कसे चालते याचे वर्णन आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूस तेथे अन्न मिळे. आजारी पडलेल्यास बरा होईपर्यंत ठेवून घेत आणि औषध देत. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी निजला असेल तर त्यास जेवावयास बोलावीत.

मी या मध्यरात्रीच्या घंटेवर थोडी रेंगाळते, कारण आपल्या नियोजनाचा सारा प्रश्न तिच्यात आहे. त्या काळी मजल संपे तेथे छत्र येई. यात्रेकरूने किती चालायचे हे त्याच्या पायांइतकेच पुढच्या छताने ठरे. आज रस्ता अधिक चांगला आहे, पण ते छत नाही. ओरत्तनाडुची वास्तू उभी आहे. वळकटी उलगडून निजावे अशी मात्र ती राहिलेली नाही. म्हणून नकाशावर किलोमीटर मोजण्याआधी आपण रात्री कोठे निजणार, हे विचारावयास हवे.

दोन वर्षांपूर्वी मी नेमके उलट केले. नकाशावर बोट फिरवून रोज पस्तीस किलोमीटर असा हिशेब मांडला, आणि मार्चच्या अखेरीस आम्ही चौघे निघालो. निघेपर्यंत सकाळचे साडेसात वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, पट्टुक्कोट्टै अद्याप दूर असताना, आमच्यातील ज्येष्ठ गृहस्थ रस्त्याच्या कडेला बसले ते उठेनात. त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. एका बसचालकाने गाडी थांबवून आम्हांस इस्पितळात पोचविले, म्हणून ते वाचले. ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत. चूक त्यांची नव्हती, माझी होती. जुन्या वर्णनांतून मी सावलीची वाट गृहीत धरली होती. वास्तविक नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने या भागातील नारळीच्या बागांच्या बागा आडव्या केल्या होत्या. लावलेली रोपे वाढत आहेत, पण नारळीच्या रोपाची सावली माणसाला पुरत नाही.

आता काळाविषयी. येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चालण्याचा विचारही करू नये. राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. पोंगलनंतरचे दिवस कोरडे आणि सुखद असतात, म्हणून प्रथम मी तेच धरले होते. परंतु तो तमिळ ‘तै’ महिना, म्हणजे लग्नांचा हंगाम. लहान गावांत आपल्याला निजण्याजोगी मोठी जागा म्हणजे कल्याणमंडपम्, आणि मुहूर्ताच्या दिवशी तो कोण देणार? उलट मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, येथे लग्ने होत नाहीत आणि मंडप रिकामे असतात. उशिराचा पाऊस तेवढा येऊ शकतो. भिजलेला माणूस वाळतो; ज्याला निजावयास जागा नाही त्याची दुसऱ्या दिवसाची चाल जाते. म्हणून मी जानेवारीचा पहिला आठवडा सुचविते. पोंगलच्या गर्दीपूर्वी परतीच्या बसमध्ये बसावयास जागाही मिळेल.

पहिल्या दोन दिवसांची व्यवस्था काहींना रुचणार नाही. ओरत्तनाडु सुमारे २४ किलोमीटरांवर आहे आणि पहिल्याच दिवशी इतके चालू नये. मध्ये सोयीचे छत नाही. तेव्हा आपण बारा किलोमीटर चालून बसने तंजावरास परत यायचे, आपापल्या घरी निजायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसने त्याच जागी उतरून पुढे निघायचे. यात यात्रेचा भंग होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी पहिल्या रात्री आपले तळपाय पाहावेत. शिवाय एक लाभ असा की, ओझे जास्त झाले असेल तर ते घरी काढून ठेवता येते. पाण्याखेरीज सहा किलोंहून अधिक ओझे कोणी घेऊ नये.

तिसरा दिवस सर्वांत कठीण : पट्टुक्कोट्टैपर्यंत पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी पहाटे साडेचारला निघून अकराच्या आत निदान अठरा किलोमीटर उरकायचे, उरलेले चारनंतर. या पट्ट्यात कल्लणैपासून येणारा मोठा कालवा आहे. जानेवारीत त्यात बहुधा पाणी असते, पण ते पिण्याचे नव्हे. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी असलीच पाहिजे. पट्टुक्कोट्टैस लॉज पुष्कळ आहेत, तेथे चिंता नाही.

चौथ्या दिवशी समुद्र लागतो. वाटेत मनोरा आहे. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला हा आठ मजल्यांचा षट्कोनी मनोरा. ज्याचे राज्य इंग्रजांनी घेतले त्याने त्यांच्याच विजयाचा स्तंभ उभारावा, यावर तेथील सावलीत बसून बोलू. समुद्र पाहून वाळूतून चालण्याचा मोह होईल, तो टाळावा. पाल्कच्या सामुद्रधुनीचा हा किनारा उथळ आणि चिखलाचा आहे. रस्ताच बरा. त्या रात्री सेतुबावाछत्रम्, मग कट्टुमावडी सतरा किलोमीटर, मणमेलकुडी अकरा, मीमिसल एकोणीस. हे शेवटचे तीन मुक्काम अजून पक्के झालेले नाहीत. दूरध्वनीवरून ‘बघू’ असे उत्तर मिळते. म्हणून डिसेंबरात आपल्यापैकी दोघांनी बसने जाऊन प्रत्यक्ष माणसांना भेटून यावे. तमिळ चांगले बोलणारा एक तरी त्यात हवा. पळनीला आणि वेळांकण्णीला पायी जाणारे लोक तमिळनाडूत सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपण चालत येणार आहोत असे समोर उभे राहून सांगितले की दार उघडते, हा माझा अनुभव आहे.

वाटभर बस धावत असते, हे या तुकड्याचे मोठे सुख. ज्याला थांबावेसे वाटेल त्याने थांबावे आणि बसने पुढच्या मुक्कामी यावे. कोणी त्याला कारण विचारू नये. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा राहील आणि तो सर्वांच्या पुढे चालेल. मागे राहिलेल्या माणसाची प्रकृती बिघडली तर ती उशिरा कळते; मला ती कशी कळली ते सांगितलेच आहे.

पहिल्या रांगेतील काकांनी यंदाही यायचे ठरविले आहे. त्यांच्या डॉक्टरांनी दिवसाला बारा किलोमीटरांची परवानगी दिली आहे. तेव्हा काका पहिले दोन दिवस आणि मणमेलकुडीचा दिवस चालतील, उरलेले दिवस बसने पुढे जाऊन मंडपाची किल्ली ताब्यात घेतील आणि रात्रीच्या जेवणाची व्यवस्था पाहतील. काका, तुम्हांला हे मान्य नाही, मला माहीत आहे. पट्टुक्कोट्टैच्या त्या रस्त्यावरून तुम्हांला पुन्हा चालायचे आहे. त्या दिवशी आम्ही पोचू तेव्हा उशीर झालेला असेल आणि कोणी तरी आमची वाट पाहत जागे असावे, असे मला वाटते.