पुडीविरुद्ध मतदान होत नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षेपाने)



दारूचं दुकान हटवायचं म्हटलं की आपण बाटली आडवी करतो. बाया एकत्र येतात, मतदान होतं, दुकान बंद होतं. पण पंजाबातल्या बायांच्या घरात शिरलेली नशा पुडीतून येते. हेरॉईन. तिथे त्याला 'चिट्टा' म्हणतात. पुडीविरुद्ध मतदान होत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूच्या कुळातले पदार्थ घेतात. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, मग थांबतो. सर्वांत धोक्याची वेळ कोणती? तुरुंगातून किंवा केंद्रातून घरी आल्यावरची! शरीराची सवय मोडलेली असते, म्हणून जुनीच मात्रा जीव घेते. नुसतं कोंडून नशा तोडणं म्हणूनच पुरत नाही.

पंजाब सरकारने २०१८ मध्ये 'ओट' दवाखान्यांची योजना राज्यभर नेली. ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोनची गोळी जिभेखाली ठेवायची. तलफ आवरते, माणूस कामाला जाऊ शकतो. आधी गोळी दवाखान्यातच घ्यावी लागे. २०२०च्या टाळेबंदीत ती घरी मिळू लागली. 'ही दुसरी नशाच' असं लोक म्हणतात. मी म्हणते, माणूस जिवंत राहिला तरच पुढचं बोलता येतं.

नशा करणाऱ्या बाईचं काय? पाहणीत तिची संख्या कमी दिसते, कारण ती बोलतच नाही. पुरुषांच्या रांगेत उभं राहिलं तर बदनामी, मुलं हिरावली जाण्याची भीती. कपूरथळ्याला 'नवकिरण' हे बायकांसाठीचं सरकारी केंद्र निघालं. असं एखादंच असून कसं भागेल?

श्वास थांबत असताना जवळ कोण असतं? बहुधा आई नाहीतर बायको. नालॉक्सोन हे उतारा-औषध घरच्यांच्या हाती असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सांगते. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे मात्र ही मागणी अजून करायची आहे.

आणखी एक. अंमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन वा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. वस्तीत हे सांगा. पोलिसांच्या भीतीने दार बंद करून बसलेली बाई कदाचित तेवढ्यानेच दार उघडेल.