पैठणीची उलटी बाजू

(केळशी येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आम्ही ३५ वर्षे मुलांना वाचायला शिकवले. पण धाकट्या लेकीच्या लग्नाची पैठणी घेताना चिठ्ठी वाचायची मात्र विसरलो!

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हातमागाची आहे." आम्ही मान डोलावली. पैसे मोजले, तेही हातमागाच्या भावाने. घरी आल्यावर फॉल लावताना शेजारच्या वहिनींनी पदर उलटा केला. मागे नुसते धागे लोंबत होते. मोर पुढून होता, मागून नव्हता!

मग आम्ही मुद्दाम नाशिक जिल्ह्यात येवल्याला गेलो. पैठणीचे मूळ गाव पैठण, गोदावरीकाठचे. पण येवल्यातही घरोघर माग आहेत. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. पदरावर मोर काढायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी लहान कांडी लागते. विणकर ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्यातूनच कांडी नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. म्हणून धागा लोंबत नाही. मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. भारी पैठणीला महिनोन्‌महिने लागतात. काठाचा एक प्रकार तर 'नारळी'. नारळ आपल्या केळशीत, काठ त्यांच्याकडे!

यंत्रमागावर तसलेच लुगडे झटपट निघते. स्वस्त पडते. परवडेल त्याने ते खुशाल घ्यावे. पण ते हातमागाचे म्हणून विकले, की विणकराचे पोट मारले जाते. येवल्याचे एक विणकर म्हणाले, "गिऱ्हाइकाला फरकच कळत नाही. मग आमच्या पोराने मागावर का बसावे?" आम्ही काय बोलणार? आम्हीही तसलेच गिऱ्हाईक.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नावाला कायद्याचे संरक्षण आले. तरी पारख आपणच करायची. चिठ्ठ्या दोन असतात. 'सिल्क मार्क' २००४ सालापासून आहे. रेशीम शुद्ध आहे, एवढेच ती सांगते. माग कोणता, ते सांगत नाही. 'हँडलूम मार्क' २००६ सालचा. कापड हातमागाचे आहे, हे तो सांगतो. आमच्या लुगड्याला पहिली चिठ्ठी होती, दुसरी नव्हती. आणि चष्मा खिशात!

दोन्ही नावे फळ्यावर लिहिली आहेत. लेकीचे लुगडे टेबलावर ठेवले आहे. हात धुऊन या, आणि आधी मागची बाजू बघा.