काठाला कुठे लागणार?

मी लष्कराच्या इंजिनीअर्स कोअरमध्ये होतो. पुण्याजवळ दापोडीला मुळा नदीच्या काठी आमचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे. तिथे मी पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. पण सैन्यात नदी ही ओलांडायची गोष्ट असते. अलीकडून पलीकडे जायचं, तेही अंधारात आणि शक्य तितक्या लवकर. नदीच्या सोबत दोन-तीन दिवस वाहत जायचं, हे मी नंतर शिकलो, गंगेवर. आज बोलायचंय ते त्याबद्दल, म्हणजे कयाक किंवा कॅनू घेऊन नदीची सहल आखायची कशी, याबद्दल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. कॅनू म्हणजे वरून उघडी होडी, वल्ह्याला एकच पातं. कयाकमध्ये पाय पुढे लांब करून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. वेगाच्या पाण्यासाठीच्या कयाकमध्ये कमरेभोवती एक घट्ट झालर असते, म्हणजे पाणी आत शिरत नाही. बाकीचं शिकवणारा शिकवेल.

आता इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठूनही कुणी तरुण भेटला आणि विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला. कयाक कोणती घेऊ? मी उलट विचारतो, काठाला कुठे लागणार आहात? बहुतेकांनी सुरुवातीची जागा पक्की केलेली असते, फोटोसकट. शेवटची जागा म्हणजे 'बघू, जिथे दमू तिथे थांबू'. नदीवर हे चालत नाही. रस्त्यावर दमलात तर गाडी बाजूला घेता येते. नदीच्या दोन्ही बाजूंना उभे कडे असले तर दमायची परवानगी नसते.

म्हणून आखणी उलटी करायची. शेवटापासून मागे.

देवप्रयाग ते ऋषिकेश घ्या. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि तिथून पुढे नदीचं नाव गंगा. हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा. नवख्यांना नकाशावर वाटतं, ऋषिकेशला पोचलो की झालं. पण ऋषिकेश शहराच्या खाली पशुलोकचा बंधारा आहे. तिथून नदीचं पाणी चिल्ला वीजघराच्या कालव्यात वळवलेलं आहे. लहान होडीतल्या माणसाला बंधाऱ्याइतकी वाईट जागा दुसरी नाही, कारण वरून येताना तो दिसतच नाही. समोर पाणी सपाट दिसतं आणि मग संपतं. म्हणजे बाहेर पडायचं ते त्याच्या कितीतरी आधी. राफ्टवाले नीम बीचला लागतात, आपणही तिथेच लागायचं. हा झाला पहिला खुंटा.

दुसरा खुंटा शिवपुरी, ऋषिकेशच्या वर सुमारे १६ किलोमीटर. तिसरा त्याच्याही वर, कौडियाला. आता तीन दिवस आपोआप पडले. देवप्रयाग ते कौडियाला, तिथून शिवपुरी, तिथून नीम बीच. पहिला दिवस अंतरानं सगळ्यात लांब आणि शेवटचा सगळ्यात छोटा. शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर ही दांडगी रॅपिड नेमकी तिथेच आहेत. या खुंट्यांच्या मधल्या, रस्त्यावर चढता येईल अशा जागा आदल्या दिवशी गाडीनं जाऊन बघायच्या. बद्रीनाथचा रस्ता नदीच्या सोबतीनंच जातो, पण बऱ्याच ठिकाणी खूप उंचावरून. खालून रस्ता दिसतो, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून वर पोचता येईल असं नाही. पायवाट आहे का, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही.

आता पाणी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात, हा पट्टा बंदच असतो. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली आणि गढूळ. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी, पण थंडी अशी की पाण्यात पडलेल्या माणसाची बोटं काही मिनिटांत दोरी धरायच्या कामाची राहत नाहीत. पट्टीचे पोहणारेही त्याला अपवाद नाहीत. मला विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. पाणी हिरवंगार, निवळशंख, दगड वाचता येतात.

पण ऋतू बघितला म्हणजे पाणी बघितलं असं नाही. भागीरथीवर टिहरीचं धरण आहे, २६० मीटर उंचीचं, आणि त्याच्या खाली कोटेश्वर. अलकनंदेवर श्रीनगरला वीजप्रकल्प आहे. वीजघर चालतं ते विजेच्या मागणीवर, तुमच्या सुट्टीवर नाही. दुपारी जिथे जेवायला बसलात, ती वाळू संध्याकाळी पाण्याखाली असू शकते. आभाळ निरभ्र असतं, वारा नसतो, आणि पाणी चढतं.

ही पुस्तकी गोष्ट नाही. ८ जून २०१४. हिमाचलात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. ती होडीत नव्हती, पोहत नव्हती, नुसती उभी होती.

आणि ७ फेब्रुवारी २०२१. भर हिवाळा, म्हणजे नदी सगळ्यात गरीब असायची वेळ. चमोलीत डोंगराचा कडाच बर्फासकट कोसळला, ऋषिगंगेतून धौलीगंगेत लोंढा आला, दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. ते पाणी अलकनंदेतून देवप्रयागलाच येतं. फरक एवढाच की चमोलीपासून देवप्रयागपर्यंत यायला त्याला तास लागतात. ते तास तुमच्या कामाचे, पण केव्हा? तुम्हाला कुणी सांगितलं तर. दरीत मोबाईलचा भरवसा नाही. म्हणून आमच्या प्रत्येक सहलीत एक माणूस होडीत बसत नाही. तो गाडीत, वर रस्त्यावर. त्याच्याकडे फोन, वरच्या गावांमधले दोन-तीन नंबर, आणि भेटीच्या जागा-वेळा लिहिलेला कागद. ठरल्या जागी ठरल्या वेळी आम्ही दिसलो नाही, तर काय करायचं तेही त्याच कागदावर. या कामाला कुणी खुशीनं तयार होत नाही. मग आळीपाळी लावायची.

रात्रीचा मुक्काम. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं या पट्ट्यातल्या वाळूवरच्या कॅम्पवर बंधनं आणली. पुष्कळांना वाईट वाटलं. मला विचाराल तर नदीच्या दृष्टीनं चांगलं झालं, आणि झोपणाऱ्यांच्याही. वर, रस्त्याजवळ खोली घ्या. होड्याही वर ओढून ठेवा आणि झाडाला बांधा. संध्याकाळी पाण्याच्या काठाला एक दगड लावून ठेवायची माझी सवय आहे. सकाळी चहाच्या आधी तो दगड बघायचा. कोरडा आहे, ओला आहे, की दिसतच नाही, यावर त्या दिवसाचा निर्णय.

आता माणसं. मागे एका नोव्हेंबरात आम्ही आठ जण होतो, चार कयाक आणि सोबत परवानाधारक गाइडचा एक राफ्ट. राफ्ट हवाच, तो तुमची रुग्णवाहिका आहे. आमच्यात भोपाळचा एक मुलगा होता, माझ्या मित्राचा पुतण्या. बड्या तलावात कयाक चालवून तयार झालेला, हात उत्तम. कौडियालाच्या खाली 'द वॉल' नावाचं चौथ्या दर्जाचं रॅपिड आहे. दर्जे सहा असतात, सहावा म्हणजे जवळजवळ अशक्य. तिथे सगळं पाणी एका कातळाच्या भिंतीवर जाऊन आदळतं आणि वळतं. आम्ही आधीच काठाला लागून, चालत जाऊन ते बघितलं. मी म्हटलं, कयाक उचलून न्यायच्या.

"काका, मला रोल येतो," तो म्हणाला. म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं.

"इथे किती वेळा केलायस?"

"इथे नाही. तलावात रोज करायचो."

"मग इथे नको."

"मग आलो कशाला आपण?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही नीट दिलं. तलावात उलटलास तर तू आणि होडी एकाच जागी असता. इथे तू सरळ होईपर्यंत भिंत आलेली असेल. शिवाय तू अडकलास तर तुला काढायला जाणारी माणसं तुझ्याहून चांगली पोहणारी नाहीत. तो बोलला नाही. कयाक खांद्यावर घेऊन दगडांवरून निघाला. त्या भाराखाली अर्धा तास घाम गाळला आणि जेवणापर्यंत माझ्याशी अबोला धरला. धरू दे. नेता ज्याचा आवडता होतो, त्यालाच कधीकधी तो 'हो' म्हणून बसतो. आमच्याकडे नियम असा की कुणाही एकाला, अगदी सगळ्यात नवख्यालाही, 'नको' वाटलं तर होडी उचलायची. 'जाऊ या' याला मात्र सगळ्यांचा होकार लागतो.

त्याच मुलाला नंतर मी कोलाडला पाठवलं. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी आहे. तिच्यात भिऱ्याच्या वीजघरातून आलेलं पाणी सकाळी सोडतात आणि त्या पाण्यासोबतच राफ्ट निघतात. वाहत्या पाण्यात रोल शिकायला, आणि धरणाच्या वेळापत्रकावर नदी कशी चालते ते समजायला, ती फार चांगली शाळा आहे. मुंबई-पुण्याकडच्यांनी गंगेवर यायच्या आधी तिथे दोन-चार वेळा जावंच.

पाण्यात पडलात तर एकच गोष्ट डोक्यात ठेवा. उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आणि पायांनी दगड ढकला. गुडघाभर पाण्यातसुद्धा उभं राहायचा मोह टाळा. वेगाच्या पाण्यात पाय दोन दगडांत अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं पाडून दाबून धरतं. बुडालेल्यांतले कित्येक असे, उथळ पाण्यात गेले आहेत. लाइफ जॅकेट असं आवळा की खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत सरकू नये. हेल्मेट सपाट पाण्यातही काढायचं नाही.

आणि गाडीची किल्ली. हसू नका. दोन गाड्या असतील तर एक आदल्या दिवशीच नीम बीचजवळ लावून ठेवायची, कोरडे कपडे आणि थर्मासमध्ये चहा ठेवून. अनेक गट तिथे कुडकुडत पोचतात आणि मग कळतं की त्या गाडीची किल्ली देवप्रयागला उभ्या असलेल्या गाडीतल्या पॅंटच्या खिशात आहे. किल्ली दोरीनं जॅकेटच्या आतल्या खिशाला बांधा, आणि दुसरी वरच्या रस्त्यावरच्या माणसाकडे द्या.