तूट कोणाच्या नावावर?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कोणी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात जाईल, कोणी मिहानमधल्या कंपनीत, कोणी बँकेत, कोणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या कार्यालयात. कामावर हात बसायला लागेल तेव्हाच कधीतरी एखादी गोष्ट नजरेस पडेल. भंगाराच्या ट्रकचे वजन काट्यावर एक आणि चलनावर वेगळे. न केलेल्या दौऱ्याचे बिल. स्टोअरमधून निघालेला, पण यंत्राला कधीच न लागलेला सुटा भाग. आणि हे करणारा माणूस बहुधा तोच असेल, ज्याने तुम्हाला काम शिकवले आणि दुपारी डबा उघडताना आधी तुमच्यापुढे केला. सांगायचे की गप्प राहायचे? आजच्या भाषणात मी एवढ्या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माझे म्हणणे असे की आपण हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडतो. एका बाजूला सहकारी आणि दुसऱ्या बाजूला कंपनी अशी तागडी धरली की पारडे सहकाऱ्याकडेच झुकते, आणि माणूस म्हणून ते स्वाभाविकही आहे. पण या हिशेबात एक तिसरा माणूस असतो. तो त्या खोलीत नसतो, त्याला काही ठाऊक नसते, आणि गेलेल्या पैशाची किंवा मालाची तूट शेवटी त्याच्याच नावावर पडते.

लांब जायला नको. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने 2001-02 च्या सुमारास होम ट्रेड आणि इतर काही खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी सुमारे दीडशे कोटी रुपये दिले. पैसे गेले, रोखे आले नाहीत. होम ट्रेडच्या व्यवहारांत वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही पोळल्या. नागपूरच्या प्रकरणात एप्रिल 2002 मध्ये फिर्याद दिली ती सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाने. निकाल लागला 22 डिसेंबर 2023 रोजी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले. शिक्षेविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली गेली, तेव्हा दोषाचा अंतिम निवाडा तिथला. मला या प्रकरणातून वेगळेच काही दाखवायचे आहे. एकवीस वर्षांत फिर्यादी, आरोपी, वकील सगळ्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. ज्या शेतकऱ्याला त्याच्या सोसायटीतून वेळेवर पीककर्ज मिळाले नाही, ज्या ठेवीदाराने आपल्याच पैशासाठी हेलपाटे घातले, त्यांची नावे कुठल्याच कागदावर नाहीत. तिसरा माणूस म्हणजे हा. रोख्याची नोंद आहे पण रोखा नाही, ही विसंगती कळायला मोठी विद्वत्ता लागत नाही. ती कागदावरच असते, आणि कागद कारकुनाच्या, हिशेबनिसाच्या, अधिकाऱ्याच्या हातातून जातो. उद्या ते हात तुमचे असतील.

कोणी म्हणेल, हे पकडायला लेखापरीक्षण असते, दक्षता विभाग असतो, आपण कशाला मध्ये पडायचे? आकडे याला साथ देत नाहीत. गैरव्यवहार तपासणाऱ्यांची एक जागतिक संघटना दर दोन वर्षांनी जगभरच्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध करते. तिच्या 2024 च्या अहवालानुसार कार्यालयीन गैरव्यवहारांपैकी 43 टक्के उघडकीस आले ते कोणीतरी माहिती दिल्यामुळे, आणि ती माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेचे कर्मचारी होते. अंतर्गत लेखापरीक्षण यात फार मागे आहे. उघड होईपर्यंत असा प्रकार साधारण वर्षभर चालतो, हेही त्याच अहवालात आहे. लेखापरीक्षक ठरलेल्या दिवशी येतो आणि समोर ठेवलेले कागद पाहतो. तुम्ही रोज तिथे असता. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकाच बांधकाम समूहाची थकीत कर्जे लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेली होती. 2008 पासून अनेक लेखापरीक्षणे झाली, सही-शिक्क्यासह. 2019 मध्ये बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला कळवले तेव्हा कुठे ते बाहेर आले, असे त्या वेळच्या बातम्या सांगतात. मग ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढू दिले गेले. कळवले नसते तर बँक चालू राहिली असती, असे तेव्हाही म्हणणारे होते. पण खड्डा आधीच खणलेला होता. गप्प राहिलेल्या प्रत्येक वर्षी तो आणखी खोल होत गेला आणि नवे ठेवीदार त्याच्या काठावर येऊन उभे राहिले.

या झाल्या कोटींच्या गोष्टी. तुमच्या वाट्याला बहुधा हजारांच्या येतील, आणि तिथे माझा मुद्दा जास्तच खरा ठरतो. कारखान्यातून माल कमी झाला की पहिली झडती फाटकावर कंत्राटी कामगाराच्या पिशवीची होते. संशय सफाई करणाऱ्या बाईवर, रात्रपाळीच्या चौकीदारावर जातो. ज्याच्या ताब्यात माल दिलेला होता त्याच्या हलगर्जीने नुकसान झाले असेल, तर ते त्याच्या पगारातून कापून घेण्याची मुभा वेतनाच्या कायद्यानेच दिलेली आहे. कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. पण खरा चोर ठाऊक असलेला पदवीधर शेजारच्या टेबलावर गप्प बसला असेल, तर माल ताब्यात असलेल्या स्टोअरकीपरने कोणती बाजू मांडावी? अशा वेळी गप्प बसणारा तटस्थ राहत नाही. तो आरोपाची दिशा ठरवतो, फक्त तोंड न उघडता.

आता समोरून येणारे आक्षेप, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप दयेचा. त्याची बायको आजारी आहे, मुलीची फी भरायची आहे. खरे असू शकते, आणि पुढची किंमतही मोठी आहे: नोकराने मालकाची चोरी केल्यास कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कंपनीत ग्रॅच्युइटीसुद्धा जप्त होऊ शकते. राज्य परिवहन महामंडळांच्या वाहकांनी तिकिटाचे थोडे पैसे ठेवून घेतल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने रक्कम किती यापेक्षा विश्वास मोडला का हे पाहिले आहे. पण दया दाखवण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे सोपे असते. त्या माणसाला मदत हवी असेल तर वर्गणी काढा, आगाऊ पगारासाठी त्याच्या बाजूने बोला.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कंपनीच चोर आहे, त्याचे काय? ओव्हरटाइमचे पैसे देत नाही, भविष्य निर्वाह निधी कापते आणि भरत नाही. अशा ठिकाणी एका कामगाराने तांब्याची तार नेली तर ओरड कशाला? मी म्हणेन, दोन्ही कळवा, आणि मालकाचे आधी कळवा. त्यासाठी कामगार आयुक्त आणि भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय आहे. फक्त खालच्याचीच तक्रार करणाऱ्याला सहकारी चहाडखोर म्हणतील, आणि त्यांचे फारसे चुकणारही नाही. पण मालकाच्या चोरीने त्या तारेची तूट भरून निघत नाही. ती पुन्हा चौकीदाराच्याच नावावर जाते.

उरली भीती. तिला मी नावे ठेवणार नाही. सुवर्ण चतुष्कोण महामार्गातील गैरप्रकार तिथले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवले, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते नाव फुटले आणि 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांची हत्या झाली. मनमाडजवळ इंधनाच्या काळ्याबाजारावर हात टाकणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी जिवंत जाळले गेले. माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये केला आणि सरकारने तो अंमलात आणण्याचे वर्षानुवर्षे टाळले. ही सरकारची लाज आहे, तुमची नाही. म्हणूनच कळवण्याच्या कर्तव्यात छातीठोकपणा बसत नाही. कोणाला, कसे, कोणत्या वाटेने कळवायचे हा विचार त्या कर्तव्याचाच भाग आहे. केंद्र सरकारच्या उपक्रमांत, म्हणजे वेकोलितही, केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. नाव पाकिटाच्या आत लिहायचे, बाहेर नाही. निनावी पत्राची मात्र तिथे दखल घेतली जात नाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या किंवा बँकांकडून पन्नास कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने तक्रारीची अशी यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले आहे.

आणि आपलीच चूक होत असेल तर? होऊ शकते. म्हणून माणसाविषयी लिहू नका, व्यवहाराविषयी लिहा. अमुक चोर आहे असे नव्हे, तर अमुक तारखेला काट्याची पावती इतक्या किलोची होती आणि चलन इतक्याचे. चोरी होती की चूक, हे चौकशीने ठरवायचे. तिथे आरोपपत्र द्यावे लागते, कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते. आधी त्या सहकाऱ्याशी बोलावे का? एखादी वस्तू घरी गेली आहे आणि परत येऊ शकते, तर जरूर बोला. खोटे कागद बनवले जात असतील, एकाहून जास्त माणसे गुंतली असतील किंवा पैसा ठेवीदारांचा असेल, तर बोलू नका. बोललात तर कागदच नाहीसे होतील. हा फरक मी मनाने काढलेला नाही. साध्या चोरीची खबर देण्याची सक्ती कायदा सामान्य नागरिकावर करत नाही, पण लोकसेवक किंवा बँकचालक सोपवलेल्या पैशाचा अपहार करत असल्याचे ठाऊक असेल, तर सबळ कारणाशिवाय गप्प राहण्याची मोकळीक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 33 वे कलम देत नाही.

छोट्या खासगी फर्ममध्ये यातली एकही वाट नसेल, आणि चोराचा भागीदार खुद्द मालकाचा भाऊ असेल. तिथे तुमच्या पत्राने काही हलणार नाही, हे आधीच मान्य करा. तरी चलनावर, स्टॉक रजिस्टरात, बिलावर सही तुमचीच लागणार आहे. ती करण्याआधी माल मोजा. कमी भरला तर जितका भरला तितकाच आकडा लिहा, आणि त्या पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उद्या पगार कापायची वेळ येईल तेव्हा त्या चौकीदाराला ती दाखवता येईल.